भटूआप्पांची परवानगी

भटूआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शहाद्याच्या एका चौकात पानवाल्याच्या स्टुलावर उभे राहून स्वतःच्याच तोंडावर चिठ्ठी चिकटवत होते. तोंड फ्लेक्सवरचं. कुणा युवा नेत्याचा वाढदिवस होता. नेता मधोमध, मोबाइल कानाला लावून, जणू दिल्लीहून फोन आलाय. आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं, वाळत घातलेल्या पापडांसारखी ओळीने. त्यातलं एक भटूआप्पांचं. चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिलं होतं, 'मला विचारलेले नाही.'

पानवाला खालून स्टूल धरून उभा होता. "आप्पा, पडशात," तो म्हणाला.

"धरी ठेव भो," आप्पा म्हणाले. "स्टूल तुन्हा शे, म्हनीसन तुले इचारं. फ्लेक्स त्याना शे, पन तोंड मन्हं शे."

संध्याकाळपर्यंत निम्मं शहादा ती चिठ्ठी बघून गेलं. नेत्याकडे कुणी पाहीना. नेता बिचारा मनाचा मोठा. पुढच्या वर्षी त्याने आप्पांचा फोटो सगळ्यांपेक्षा मोठा छापला आणि खाली 'मार्गदर्शक' असं लिहिलं. आप्पांनी चिठ्ठीही मोठी केली. विचारून छापता येतं, ही साधी गोष्ट नेत्याला शेवटपर्यंत सुचली नाही, कारण आजवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. फ्लेक्सवर आपलं तोंड दिसलं की लोक ते मोबाइलमध्ये टिपून बायकोला दाखवतात, अशीच इथली रीत.

मी तेव्हा नगरकडून बदलून लोणखेड्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला आलो होतो. अहिराणी कानावरून जायची, डोक्यात शिरायची नाही. पण आप्पांचं ते 'तोंड मन्हं शे' मला भाषांतराशिवाय कळलं.

भटूआप्पा वकील होते आणि तापीकाठी त्यांची केळी होती. लोक म्हणत, कोर्टात ते खटला केळीसारखा सावकाश चालवतात आणि केळीत कोर्टासारख्या तारखा पाडतात. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक लिहिणारं आणि एक सहीसाठी लोकांना द्यायचं. परवानगी विचारण्याचा त्यांना नाद होता. दुसऱ्याच्या घरी तर सोडाच, स्वतःच्या घरात ओट्यावर बसतानाही ते आतल्या दिशेने "बठू का?" असं विचारत. त्यांच्या पत्नीला सगळं गाव जिजी म्हणतं. जिजी आतून ओरडत, "बठा, नही ते कोर्टमा जाईसन इचारी या." हे भांडण नव्हतं, नेम होता.

फोटोंच्या बाबतीत मात्र त्यांचा नाद धर्माला पोचला होता. मोबाइल आले, प्रत्येक जण फोटोग्राफर झाला. लग्नाच्या वरातीत नाचणारा गुरुजी दुसऱ्या दिवशी अहिराणी गाण्याच्या व्हिडिओत दिसू लागला, दवाखान्याच्या रांगेतली म्हातारी कुठल्यातरी शिबिराच्या जाहिरातीत. लोक आप्पांकडे येत आणि विचारत, असं करता येतं का? आप्पा नीट समजावून सांगत. रस्त्यावर, बाजारात फोटो काढायला कायदा सहसा आडवा येत नाही. पेपरात बातमी म्हणून छापला तरी फारशी हरकत घेत नाही. पण त्या तोंडावर तुम्ही आपला माल विकणार असाल, संस्थेचं नाव गाजवणार असाल, तर त्या माणसाला विचारलं पाहिजे. त्यांचं एक पालुपद होतं, "काढनं येगळं, छापनं येगळं." आणि समोरचा फारच कायदा कायदा करू लागला तर म्हणत, "कायदा दारलोंग आनी सोडस. मझार जावाले इचारनंच पडस." दारापर्यंत कायद्याच्या गाडीने जा, पण कडी माणसानेच वाजवायची, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला.

आता आमच्या पतसंस्थेबद्दल. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ठेवी काढायला लोक धावतील किंवा ठेवायला धावतील, आणि दोन्हीचं पाप मला नको. ही संस्था दर दिवाळीला आपल्या सभासदांना भिंतीवरचं कॅलेंडर वाटते. शहादा, तळोदा, नवापूर, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत घराघरात ते लागतं. संस्थेचे चेअरमन म्हणजे आप्पांच्या मुलीचे सासरे, आप्पांचे व्याही, अहिराणीत याही. त्या नात्यामुळे आप्पा संस्थेचे कायदेशीर सल्लागार, आणि सल्लागार म्हणून कॅलेंडर समितीवर. मी फोटोंखाली दोन-दोन ओळी लिहायला. आणि योगेश नावाचा स्टुडिओवाला फोटो काढायला.

आप्पा समितीवर आल्यापासून कॅलेंडरातली माणसं नाहीशी झाली. बाजाराचा फोटो आला की आप्पा भिंग लावून बघत, "हाऊ कोन? अनी हाई बाई कोन? यासले इचारं का?" बाजारातल्या सगळ्या गर्दीला विचारत फिरण्यापेक्षा धरण छापलेलं बरं, असं योगेशला वाटू लागलं. मग धरण, मंदिर, केळीचा घड, पुन्हा धरण. एका वर्षी आम्ही बैल छापायचं ठरवलं. आप्पा बैलाच्या मालकाला विचारायला गेले. मालक खूश झाला, फक्त खाली आपलं नाव टाका म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला. घराची वाटणी झालेली नव्हती, म्हणजे बैल सामाईक, म्हणजे नाव दोघांचं हवं. मग चुलते आले. अख्ख्या भाऊबंदकीच्या सह्या घेऊन शेवटी जेव्हा बैल छापला, तेव्हा खाली इतकी नावं होती की माझ्या ओळींना जागा उरली नाही. चेअरमन म्हणाले, "याही, हाई कॅलेंडर शे का पंचनामा?"

अशात योगेशने एक फोटो आणला. विसरवाडीला हायवेच्या कडेला, जिथे बस आणि ट्रक थांबतात तिथे, एक बाई आपला माल मांडून बसलेली. कुणीतरी काहीतरी बोललं असावं आणि ती हसली होती. एवढाच फोटो. पण तो बघायला आम्ही सगळे टेबलावर पुढे वाकलो. चेअरमन साहेब तर उठून उभे राहिले. "मुखपृष्ठ," ते म्हणाले. "हसतं नंदुरबार." ओळीसुद्धा त्यांनीच लिहिली, माझं काम वाचलं. मग सगळ्यांनी एकदम आप्पांकडे पाहिलं. आप्पा पेन खिशाला लावत म्हणाले, "चला विसरवाडी."

संस्थेची जीप घेऊन आप्पा, योगेश आणि मी निघालो. बाई तिथेच होती, त्याच जागी. योगेशने कॅमेऱ्याच्या काचेवर तिला फोटो दाखवला. तिने पदराने काच पुसली, पाहिलं, आणि पुन्हा तशीच हसली.

"छापा ना भाऊ," ती म्हणाली. "कोन नही म्हनस?" ती कामापुरती बाजारातली अहिराणी बोलत होती.

योगेशने छापील संमतीपत्र पुढे केलं आणि तिने वाचायच्या आधीच सही करून टाकली. आपल्याकडे शर्ट खोचलेला माणूस कागद पुढे करतो तेव्हा सही करायची असते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. योगेशने लगेच चेअरमन साहेबांना फोन लावला. "साहेब, सही झाली." तिकडून आलेला आनंद आम्हालाही ऐकू आला.

मला वाटलं, आता निघायचं. पण आप्पांनी पिशवीतून मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. ही त्यांची पद्धतच होती. "जमीन दखाडाबिगर सौदा व्हत नही," ते म्हणत. फोटो कुठे लागणार ते माणसाला दाखवल्याशिवाय घेतलेली परवानगी ते धरत नसत. त्यांनी खाली बसून तिच्यासमोर कॅलेंडर उलगडलं.

"बहीन, हाई देख. तुन्हा फोटू असा, याना वर, इतला मोठा. हाई कोठे कोठे लागस तुले माहीत शे का?"

तिने कॅलेंडर पाहिलं. बैल पाहिला. आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"हाई तठे बी लागस," ती म्हणाली.

"तठे म्हंजे कोठे?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. योगेश कॅमेरा आवरत होता, मी उगाच ट्रककडे बघत होतो. मग ती हळू आवाजात बोलली. नवऱ्याच्या घरात, चुलीशेजारच्या भिंतीवर हेच कॅलेंडर लागायचं. त्या घरात तिच्या मुलीचं लग्न ठरवलं होतं आणि मुलगी अजून शाळेत होती. आई तिला घेऊन निघून आली. मुलगी आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या शाळेत. "त्यासले माहीत नही आम्ही कोठे शेतस ते," ती म्हणाली. "पन मी सही ते दी टाकी."

"सही कागदवर शे, बहीन," आप्पा म्हणाले. "तू आते काय म्हनस ते सांग."

"नको."

आप्पांनी योगेशकडून तो कागद घेतला आणि तिच्या हातात दिला. मग योगेशला म्हणाले, फोटो पुसशील का? त्यांनी हुकूम नाही केला, विचारलं. योगेशने फोटो पुन्हा एकदा काचेवर आणला. त्याच्या हातून इतका चांगला फोटो पुन्हा निघाला नाही, हे त्यालाही आता ठाऊक आहे. त्याने पुसला, आणि घरी जाऊन कॉम्प्युटरमधलाही पुसला.

जीपमध्ये आप्पा एवढंच बोलले. "सर, हाई गोष्ट तिनी शे. आपले कोठे बी सांगाना हक नही."

शहाद्यात चेअरमन साहेब पेढे मागवून बसले होते. आप्पांनी सांगितलं की बाईची परवानगी नाही. साहेबांना कळेना. "पन सही व्हयनी ना?"

"व्हयनी व्हती. आते नही."

"म्हंजे? ती काय म्हनस?"

"नको म्हनस."

साहेब चिडले, आणि खरं सांगायचं तर कुणीही चिडलं असतं. छापखाना थांबलेला, दिवाळी तोंडावर, आणि कारण काय तर रस्त्यावरची एक बाई नको म्हणते. एकदा सही झाली म्हणजे झाली, कागद फाटला तर दुसरा करू, योगेशकडे फोटो असेलच, आणि नसला तर विसरवाडी काय चंद्रावर आहे? उद्या दुसरा माणूस पाठवतो आणि गुपचूप काढून आणतो. साहेब नुसतं बोलत नव्हते. ते तसं करणारे होते. आप्पा खरं कारण सांगू शकत नव्हते. साहेबांना सांगितलेली गोष्ट वार्षिक सभेत माइकवरून ऐकू यायची, हे संस्थेचा शिपाईही जाणत होता.

आप्पांनी पेढ्याचं खोकं बाजूला सरकवलं. मग त्यांनी पिशवीतून एक कोरं संमतीपत्र काढलं आणि व्याह्यांपुढे ठेवलं.

"याही," ते म्हणाले, "खरं सांगू का? आपला सभासदसले रोज देखाले आवडी असं तोंड जिल्हामा एकच शे."

"कोनं?"

"तुम्हनं."

चेअरमन साहेबांनी नकार दिला. चहा येईपर्यंत ते नकार देत होते. "नही हो याही, लोके काय म्हनतीन?" कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "फेटावाला चाली का गॉगलवाला?"

आप्पांनी इथेही आपली पद्धत सोडली नाही. "हाई चूल्हाना वर लागी, मोरीजोडे लागी, पोरे यावर मिश्या काढतीन. देखीसन हो म्हना."

"चाली, चाली," साहेब म्हणाले आणि झोकदार सही केली. परवानगी मुखपृष्ठापुरती होती. साहेबांनी ती छापखान्यात जाऊन स्वतःच्या अधिकारात बारा महिन्यांपर्यंत वाढवली. जानेवारीत साहेब उसात, फेब्रुवारीत केळीत, मार्चमध्ये होळीपुढे, एप्रिलमध्ये पाणपोईचं उद्घाटन करताना, आणि मे महिन्यात काहीच घडत नाही म्हणून नुसते गॉगल लावून. त्या वर्षी जिल्हाभरातल्या बायकांनी दुधाचे खाडे साहेबांच्या पोटाखाली लिहिले. विसरवाडीला पुन्हा कुणी गेलं नाही.

आणि मग आप्पांची जी काही धिंड निघाली ती मी या डोळ्यांनी पाहिली. फ्लेक्सवरच्या नेत्याला न जुमानणारा माणूस, आणि लेकीच्या सासऱ्याला घरोघर टांगून आला. बाररूममध्ये तरुण वकील त्यांना बघून म्हणत, "लेक दिली ती दिली, वर भिंतही दिली." कुणी म्हणालं, संस्थेची मोठी केस हवी असेल. तो युवा नेता चौकात भेटला, आता तो फारसा युवा राहिला नव्हता. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "का आप्पा, चिठ्ठ्या सरी ग्यात का?"

"याले परवानगी शे भो," आप्पा म्हणाले आणि पुढे चालू लागले. लोक खूप हसले.

मला संताप यायचा. एकदा मी त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणालो, आप्पा, निदान जवळच्या चार लोकांना तरी सांगू द्या. तुमची आयुष्यभराची अब्रू जातेय. आप्पा केळीचं पान पुसत होते. म्हणाले, "सर, ती पोर शाळामा शे. मन्ही अब्रू काय, ती थांबी." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आतून जिजींचा आवाज आला, "याहीना भाट ओटावर बठेल शे का गया?" हा त्या घरातला नवा नेम झाला होता. आप्पा माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही, वाईट वाटलं.

पूर्वी लोक आप्पांकडे फोटोच्या तक्रारी घेऊन यायचे, ते येईनासे झाले. भाटाला काय विचारायचं? फ्लेक्सवर पुन्हा त्यांचं तोंड छापायलाही कुणी धजावत नव्हतं असं नाही. कुणाला त्याची गरज वाटत नव्हती. आप्पांनी तक्रार केली नाही. सकाळी केळीत, दुपारी कोर्टात, आणि प्रत्येक ठिकाणी बसायच्या आधी "बठू का?"

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. केळीच्या बागेत पाणी सोडायला गेले आणि बांधावर बसले ते उठले नाहीत. शोकसभेत चेअरमन साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, भटू वकील माणूस पारखी. माझ्यातला लोकनेता त्यांनीच प्रथम ओळखला. मागच्या रांगेत दबका हशा उठला. मी खाली बघत बसलो, आणि घरी येऊन ठरवलं की आता हे लिहायचं.

पण लिहिण्याआधी विसरवाडीला जाणं भाग होतं. ती बाई भेटली. मुलगी आता कायद्याने सज्ञान आहे, नर्सिंग शिकते आहे, आईकडे ये-जा करते. आप्पा गेल्याचं सांगितलं तेव्हा ती मालावरचा हात तसाच ठेवून थांबली. मग मी विचारलं, हे छापू का? कुठे छापून येणार ते दाखवायला मासिकाचा जुना अंकही नेला होता.

"लिखा," ती म्हणाली. "नाव लिखू नका. अनी मी काय इकस ते बी लिखू नका." मग तिने मला विचारलं, "पन त्यासना घरमा इचारं का?"

मी विचारलं नव्हतं. चेअरमन साहेबांचा प्रश्न सोपा होता. त्यांनी एकदा केलेली सही ते स्वतःच वाढवत नेतात, तेव्हा ती अजून चालू आहे असं मी धरलं. पण आप्पांवर लिहायला आप्पांची परवानगी लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथून परस्पर मी तापीकाठी आप्पांच्या घरी गेलो.

जिजी ओट्यावर एकट्याच सुपात गहू निवडत बसल्या होत्या. मी विचारून बसलो आणि लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. स्टुलाचा भाग आला तेव्हा त्यांनी मान हलवली. विसरवाडीचा भाग सुरू झाल्यावर त्यांचे हात थांबले. कॅलेंडरचं सगळं वाचून झालं तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मालेबी सांगं नही त्यासनी," शेवटी त्या म्हणाल्या. "इतला वरीस मी त्यासले याहीना भाट म्हनं. अनी त्या नुसता हासेत."

त्या रडत होत्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मी कागद गोळा केले. छापू का, हे विचारायचा मला धीर होईना. त्यांनीच डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"छापा," त्या म्हणाल्या. "अनी एक अंक याहीसना घर धाडा. वर धाडनारी म्हनीसन मन्हं नाव टाका."